विड्यांच्या ढिगातून छाटीपर्यंत: एका शोधनिबंधाचा विषय कसा ठरला

‘सीमाभागातील विडी कामगार महिलांची सामाजिक, आर्थिक व शैक्षणिक स्थिती : एक अभ्यास.’ समाजशास्त्राच्या एम.ए.ला शेवटच्या वर्षात असलेल्या एका विद्यार्थिनीने शोधनिबंधासाठी दिलेलं हे पहिलं शीर्षक. मुलगी कर्नाटकातल्या निपाणीची. आई घरी बसून विड्या वळते, मावशी तंबाखूच्या वखारीत जाते. हातात एक सत्र आणि लिहायचे पाचेक हजार शब्द. मार्गदर्शक म्हणून माझ्यापुढे हे शीर्षक आलं तेव्हा त्यात चुकीचं असं काहीच नव्हतं. फक्त त्यावर निबंध लिहिणं शक्य नव्हतं. तो शेवटी छाटीवर, म्हणजे तपासणीत बाजूला टाकलेल्या विड्यांवर, लिहिला गेला.

शीर्षकातले शब्द सुटे केले की का ते दिसतं. सीमाभाग म्हणजे नेमका कोणता? महाराष्ट्राने दावा सांगितलेली ८६५ गावं बेळगावपासून कारवार आणि बिदरपर्यंत विखुरलेली आहेत. विडी कामगार म्हणजे घरी वळणारी, कारखान्यात बसून वळणारी, की वखारीत तंबाखू चाळणारी? तिघींचं काम वेगळं, मजुरीचा हिशेब वेगळा. सामाजिक, आर्थिक आणि शैक्षणिक हे तीन निबंध झाले. स्थिती कधीची? आणि शेवटचं ‘एक अभ्यास’ कशासाठी असतं ते मला आजवर कळलेलं नाही.

अशी शीर्षकं मुलं आळसाने देत नाहीत, ती धाकाने देतात. मोठ्या शीर्षकाला कुणी नाही म्हणत नाही. शोधगंगेवर, म्हणजे पीएच.डी.च्या प्रबंधांच्या ऑनलाइन साठ्यावर, जाऊन पाहावं तर ‘सामाजिक-आर्थिक स्थिती’ आणि ‘चिकित्सक अभ्यास’ यांची रांग लागलेली असते. पीएच.डी.च्या प्रबंधाला वर्षं मिळतात, पानं मिळतात. एम.ए.च्या मुलीने तोच अंगरखा घातला तर तो जमिनीवरून फरफटत जाणार.

त्याही आधी ती ‘सीमाप्रश्न’ म्हणाली होती. आमच्याकडे निम्मी मुलं तिथूनच सुरू करतात. १ नोव्हेंबर १९५६, महाजन आयोग, २००४चा सर्वोच्च न्यायालयातला दावा, हे सगळं घरातच पाठ झालेलं असतं. प्रश्न विचारायच्या आधी उत्तर तयार असेल तर कागदावर भाषण उतरतं. तिला हे एकदा सांगितलं, तिने विषय सोडला. त्यावर आमचा वेळ गेला नाही.

आधी पसरू दिलं

विषय लहान करायचा म्हणून लगेच कात्री चालवायची नाही, हा माझा शिरस्ता आहे. ज्या मुलीला विषयाचा पसारा ठाऊक नाही, तिला कुठला तुकडा उचलावा हे कसं कळणार? म्हणून सुरुवातीचे दोनेक आठवडे नुसतं वाचन ठेवलं. अट एकच होती. वहीच्या डाव्या पानावर वाचलेलं लिहायचं, उजव्या पानावर त्यातून उठलेला प्रश्न. उजवं पान कोरं राहिलं तर ते वाचन वाया गेलं असं समजायचं.

पहिला अडथळा आला तो शोधशब्दांचा. ती इंग्रजीत एकाच स्पेलिंगने शोधत होती आणि ‘मॅडम, निपाणीवर काहीच नाही’ म्हणत होती. इंग्रजीत विडीची स्पेलिंगं तीन तरी चालतात: बी-डबल ई-डी-आय, बी-आय-डी-आय आणि बंगालकडची बी-आय-आर-आय. निपाणी कुठे एका पीने लिहितात, कुठे दोन. बेळगावचं सरकारी नाव २०१४मध्ये बदललं, त्यामुळे त्याआधीचं सगळं जुन्या नावाखाली आहे. १९७३पर्यंत राज्याचं नाव मैसूर होतं, म्हणजे त्या काळातले नियम ‘कर्नाटक’ टाकून सापडायचे नाहीत. १९५६च्या आधीचे कागद मुंबई राज्यात आहेत. निपाणी आता स्वतंत्र तालुका असला तरी कालपरवापर्यंत ती चिकोडी तालुक्यात होती, तेव्हा जुने आकडे चिकोडीखाली बघायचे. खरं तर सीमाभागातल्या कुठल्याही विद्यार्थ्याने पहिल्याच दिवशी आपल्या गावाच्या नावांची आणि पत्त्यांची अशी एक यादी करून ठेवावी. गाव तिथंच राहिलं, पत्ता मात्र दर पिढीला बदलला.

यादी हातात आल्यावर साहित्य धडाधड सापडू लागलं. विडी व सिगार कामगारांचा १९६६चा कायदा, ज्याने घरी वळणाऱ्या बाईलाही कामगार मानलं. १९७६चा कल्याण निधीचा कायदा आणि जीएसटी आल्यावर, २०१७मध्ये, बंद झालेला त्याचा उपकर. भविष्य निर्वाह निधी घरी वळणारीलाही लागू होतो, हा सर्वोच्च न्यायालयाचा १९८५चा निकाल. निपाणीचं म्हणून १९८१चं तंबाखू उत्पादक शेतकऱ्यांचं आंदोलन तर होतंच: शरद जोशींच्या नेतृत्वाखाली शेतकरी पुणे-बंगळूर महामार्गावर बसले, ६ एप्रिलला गोळीबार झाला, माणसं गेली. हे निपाणीत कुणालाही विचारा, सांगतात. त्याच काळात वखारीतल्या बायका संघटित होत होत्या, ते तितकं कुणी सांगत नाही. त्यावर छाया दातार यांनी इंग्रजीत लिहिलेलं पुस्तक १९८९मध्ये आलं. आपल्या गल्लीतल्या बायकांवर कुणीतरी तीसपस्तीस वर्षांपूर्वी अख्खं पुस्तक लिहिलंय, हे कळल्यावर तिचा चेहरा पडला. ‘मग माझ्यासाठी काय उरलं?’

हा प्रश्न चांगला होता, आणि आधीचं काम वाचायचं ते त्यासाठीच. संघटना कशी उभी राहिली याचं उत्तर दिलं गेलंय, म्हणजे ते खोडायचं. तंबाखूच्या धुळीने होणाऱ्या छातीच्या आजारांवर डॉक्टर मंडळींनी लिहिलंय. त्यात पडायचं तर तपासण्या लागतात, तेही खोडायचं. घरच्या कामात मुलांचे हात लागतात यावर सरकारी, बिनसरकारी भरपूर आहे. खोडत खोडत वहीच्या उजव्या पानांवर जे शिल्लक राहिलं, त्यातून आम्ही तीन प्रश्न काढले.

तीन उमेदवार

पहिला पीएफचा. म्हाताऱ्या झालेल्या विडी कामगार बायकांना साठलेला पीएफ मिळवताना काय अडचणी येतात? कामाच्या कार्डावर एक नाव, आधारवर दुसरं. माहेरचं, सासरचं, कधी कारकुनाच्या मनाचं. जन्मतारखा तर अंदाजानेच घातलेल्या. विषय जिवंत आहे आणि गरजेचाही आहे. पण एका बाईचा दावा दाखल होऊन निकालात निघेपर्यंत माझ्या विद्यार्थिनीचं सत्र संपलं असतं. शिवाय अर्धी कागदपत्रं कचेरीत, आणि कचेरी एम.ए.च्या पोरीला फाईल दाखवणार नाही.

दुसरा मलाच फार आवडला होता. निपाणी संपते तिथे अर्जुननगर लागतं आणि अर्जुननगर महाराष्ट्रात. सीमेच्या दोन्ही बाजूंना बायका विड्या वळतात. एकच बोली बोलणाऱ्या, एकमेकींच्या घरी मुली दिलेल्या. पण किमान वेतनाच्या अधिसूचना दोन राज्यांच्या. मग हजार विड्यांमागे कुणाला किती मिळतं? ऐकायला झकास. तपासायला बसलो तेव्हा लक्षात आलं, की कर्नाटकात महागाई भत्ता एप्रिलमध्ये बदलतो, महाराष्ट्रात विशेष भत्ता वर्षातून दोनदा. म्हणजे तुलना करायची तर आधी तारखांचं कोष्टक, मग भत्त्यांचं, मग दोन राज्यांतल्या बायकांच्या मुलाखती. शिवाय अधिसूचनेतला दर आणि हातात पडणारा दर यांत फरक असतो, तो कागदावर कुठेच नसतो. दोन राज्यांची तुलना म्हणजे काम दुप्पट होतं असं मुलांना वाटतं, प्रत्यक्षात ते चौपट होतं. हा प्रश्न मी जरा जड मनानेच बाजूला सारला.

तिसरा उमेदवार तिच्या वहीत जवळजवळ लपून बसला होता. १९६६च्या कायद्याचं कलम ३९ वाचताना तिने उजव्या पानावर बारीक अक्षरात लिहिलं होतं, ‘छाटीबद्दल भांडण करता येतं? आईला माहीत आहे का?’

छाट म्हणजे काय ते विडीच्या गावाबाहेरच्या वाचकांसाठी सांगते. बाई कच्चा माल घरी आणते: तेंदूची पानं, जर्दा, दोरा. पानं भिजवायची, पत्र्याच्या मापाने कापायची, जर्दा भरून वळायची, तोंड मुडपून दोरा बांधायचा आणि पंचवीस-पंचवीसचे कट्टे करायचे. ते नेऊन दिले की तपासणारा माणूस कट्टे हातात घेतो, बघतो आणि काही विड्या बाजूला टाकतो. वाकडी, बारीक, पान फाटलेली, सैल बांधलेली. ही छाट. तिची मजुरी मिळत नाही, आणि पान-जर्दा तर तिच्यात गेलेला असतो. बाजूला काढलेल्या विड्यांचं पुढे काय होतं, हा देशभरातल्या विडी कामगारांचा जुना सवाल आहे. कायद्यात कच्चा माल, छाट आणि छाटीची मजुरी यांवरच्या वादांसाठी राज्य सरकारने अधिकारी नेमावा असं होतं. राज्यांच्या नियमांत तर साधारणपणे पाच टक्क्यांवर छाट काढू नये अशी तरतूद केलेली होती. त्या कायद्याला आणि नियमांना कारखानदारांनी आव्हान दिलं, आणि १९७४मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कायदा वैध ठरवला. त्या निकालात मैसूरचे नियम आहेत, म्हणजे आमच्या यादीचा इथे उपयोग झालाच. २०२०च्या कामगार संहितेने जुने जे कायदे पोटात घेतले त्यांत हा १९६६चा कायदाही आहे, तेव्हा नोंदी कोणत्या काळातल्या आहेत हे निबंधात लिहिणं भाग होतं.

‘हा विषय होऊ शकतो?’ तिने विचारलं. तिच्या आवाजात शंका होती, आणि ती मला कळत होती. जी गोष्ट रोज संध्याकाळी घरात घडते, जिच्यावरून आई रोज चिडचिड करते, ती विद्यापीठात चालेल असं मुलांना वाटतच नाही. घरातलं ते घरगुती आणि ग्रंथालयातलं ते ज्ञान, अशी वाटणी आपणच शाळेपासून त्यांच्या डोक्यात करून ठेवलेली असते.

प्रश्नाला कागद आहे का?

छाट हा विषय ठरला तरी तो अजून प्रश्न झाला नव्हता. ‘छाट का काढतात?’ हे तिचं पहिलं रूप. याचं उत्तर कारखान्यात आहे आणि तिथे ती जाऊ शकत नव्हती. मालकाला विचारलं तर तो म्हणणार विडी वाईट होती, बायकांना विचारलं तर त्या म्हणणार विडी चांगली होती. दोघांची विधानं समोरासमोर मांडून निबंध होतो, पण त्यातून नवं काय कळलं? ‘छाटीमुळे बायकांचं किती नुकसान होतं?’ हे दुसरं रूप. हे बरं होतं, कारण त्यात मोजायला काहीतरी होतं. पण मोजायचं कशावरून?

इथे मी तिला घरी पाठवलं आणि एकच काम दिलं. या गोष्टीचा घरात कागदावर जिथे जिथे माग लागतो, ते सगळं एका जागी काढून बघ. मुलाखती नंतर.

ती आईच्या कामाच्या नोंदीच्या कार्डाचे फोटो घेऊन आली. त्या कार्डावर तारीख, दिलेली पानं, दिलेला जर्दा, जमा विड्या, सही असे रकाने होते. आम्ही ते कार्ड दोनदा वाचलं. छाटीचा रकाना त्यात नव्हताच. ‘जमा विड्या’ हा आकडा छाट काढून झाल्यावरचा. म्हणजे ज्या गोष्टीवर निबंध लिहायचा, ती कागदावर येण्याआधीच वजा झालेली. तिने आईला विचारलं होतं, ‘आई, छाट किती गेली हे कुणी लिहून ठेवतं का गं?’ आई म्हणाली, ‘कोण लिवतंय? त्यो टाकतोय आन् आमी बगतोय.’

इथे बरेच विषय मरतात. माहिती उपलब्ध नाही, सोडून द्या. मी तिला विचारलं, आई घरून निघताना किती विड्या नेते हे तिला कसं कळतं? हा प्रश्न तिने परत घरी नेला, आणि उत्तर स्वयंपाकघराच्या भिंतीवर टांगलेलं निघालं. कालनिर्णयच्या प्रत्येक चौकोनात, दुधाच्या हिशेबाच्या खाली, पेन्सिलीने एक आकडा होता. त्या दिवशी घरून नेलेल्या विड्या. आई बरीच वर्षं हे लिहीत आली होती, कारण आठवड्याची मजुरी हातात आली की तिला आपला आकडा पडताळून बघायचा असे. जुनी कॅलेंडरं तिने फेकली नव्हती. ती ट्रंकेत कपड्यांखाली अंथरलेली होती.

भिंतीवर घरून नेलेल्या विड्या, कार्डावर जमा झालेल्या. दोहोंतला फरक म्हणजे छाट.

त्या दिवसापासून विषय आपोआप आवळत गेला, आणि या प्रकरणात मला सांगायचं आहे ते हेच. शीर्षकातले शब्द कमी करून विषय लहान होत नाही. ‘सीमाभागातील’ काढून ‘निपाणीतील’ घातलं, ‘शैक्षणिक’ गाळलं, तर शीर्षक आखूड होतं, काम तेवढंच राहतं. साधन हातात आलं की तेच सांगतं कुठे थांबायचं. इथे साधनाने आधी माणसं ठरवली: निपाणीतल्या सगळ्या विडी कामगार येणार नाहीत, घरी मोजणी लिहिणाऱ्याच येतील. मग जागा ठरली: अशा बायका शोधायला तिला आपल्या गल्लीबाहेर जाता येणार नव्हतं, कारण परक्या घरात कुणी ट्रंक उघडत नाही. आणि काळही ठरला: कार्ड आणि कॅलेंडर दोन्ही ज्या महिन्यांची सापडतील तेवढेच महिने.

हिशेबातली भोकं

गल्लीत विचारपूस केल्यावर कळलं, की लिहून ठेवणाऱ्या बायका थोड्या आहेत आणि प्रत्येकीची तऱ्हा न्यारी. कुणी मुलाच्या जुन्या वहीत लिहिते, कुणी दाराच्या चौकटीमागे खडूने रेघा मारते आणि आठवडा संपला की पुसते. पुसलेल्या रेघा गेल्या. जिथे कागद आहे तेवढीच घरं घ्यायची, असं ठरलं.

त्यानंतर मी तिचं उत्तर फोडायला बसले. विषय टिकेल की नाही हे बघायचा तोच मार्ग. नेलेल्या विड्या वजा जमा विड्या म्हणजे छाट, हे तुला कुणी सांगितलं? घरी मोजताना आईचीच चूक झाली असेल तर? एखाद्या दिवशी काही कट्टे उद्यासाठी मागे ठेवले असतील तर? हे शेवटचं विचारल्यावर ती हसली. म्हणाली, ‘मॅडम, शेजारच्या आक्कांना कमी पडल्या तर आई आपले कट्टे देते. दोन दिवसांनी त्या परत करतात.’ म्हणजे कट्ट्यांची उसनवारी. कुठल्याही सरकारी अहवालात मी ही वाचलेली नाही. पण तिच्यामुळे रोजचा फरक फसवा ठरत होता. एका घरात एका दिवशी छाट प्रचंड दिसली असती आणि ती छाट नसून शेजारधर्म असता.

तोडगा तिनेच काढला. रोजचा फरक न घेता आठवड्याची बेरीज घ्यायची, कारण मजुरीचा हिशेब आठवड्याने होतो आणि उसने कट्टेही बहुतेक तेवढ्यात फिटतात. ज्या आठवड्यात घरात लग्न, बाळंतपण, आजारपण असेल तो आठवडा खूण करून वेगळा ठेवायचा. मुळात जी पोर ‘स्थिती’ लिहायला आली होती, ती आता आठवडा की दिवस यावर माझ्याशी वाद घालत होती.

तरीही ‘छाट किती’ एवढ्यावर निबंध उभा राहत नव्हता. आकडा आला, मग पुढे काय? इथे आम्ही गल्लीतल्या बोलण्याकडे वळलो. ‘पावसाळ्यात छाट जास्त जाते’ असं प्रत्येक बाई म्हणत होती. पानाला ओल येते, काळं पडतं, विडी वाळत नाही, बांधलेली सैल होते. सगळ्यांना पटलेली आणि कुणीच न मोजलेली अशी ही गोष्ट होती. शोधनिबंधाला यापेक्षा चांगली जागा मला तरी ठाऊक नाही. उत्तर हो आलं तरी उपयोगाचं, नाही आलं तर जास्तच. आणि मुख्य म्हणजे उत्तर काय येईल ते मला माहीत नव्हतं, तिलाही नव्हतं.

शेवटी ठरलेला प्रश्न असा: ‘निपाणीतील एका गल्लीत घरी मोजणी लिहून ठेवणाऱ्या विडी कामगार स्त्रियांच्या नोंदींनुसार पावसाळ्यात आणि उन्हाळ्यात छाटीत फरक दिसतो का, आणि त्या फरकाचं कारण त्या काय सांगतात?’ लांबलचक आहे, कबूल. पण यातला एकही शब्द काढला तर काम वाढतं.

भाषा आणि भीती

दोन गोष्टी विषय ठरल्यावर लगेच हाताळाव्या लागल्या, कारण त्यांच्यावर विषय बुडू शकला असता.

एक म्हणजे भीती. ‘आमचं काम जाईल’ असं दोन घरांत स्पष्ट सांगण्यात आलं. त्यांचं बरोबर होतं. म्हणून कारखान्याचं नाव, तपासनिसाचं नाव, गल्लीचं नाव, बाईचं नाव, यातलं काहीच निबंधात येणार नाही असं ठरलं. कार्डाचा फोटो घेताना वरची पट्टी हाताने झाकायची. संमतीपत्र मराठीत, मोठ्याने वाचून दाखवायचं. आणि ज्या घराने नाही म्हटलं त्या घरी परत जायचं नाही, ओळखीचं असलं तरी. ओळखीचं असलं तर विशेषच नाही, कारण ‘आपलीच पोर’ म्हणून मागितलेली संमती ही संमती नसते. तिच्या स्वतःच्या आईचं घर नमुन्यात घ्यायचं की नाही यावर आम्ही पुष्कळ बोललो. घेतलं, आणि तसं निबंधात स्वच्छ लिहिलं.

दुसरी गोष्ट भाषेची. कायदा इंग्रजीत वाचायचा, किमान वेतनाची अधिसूचना आणि कारखान्यावरचा फलक कन्नडात, बायकांचं बोलणं निपाणीच्या मराठीत. आमची मराठी मुलं शाळेत कन्नड शिकतात आणि कॉलेजात आल्यावर ते येत नसल्यासारखं वागतात. त्यामागचं राजकारण मला कळतं. पण संशोधनात हा शुद्ध तोटा आहे. पुण्यामुंबईहून येणाऱ्या संशोधकाला तो फलक वाचायला दुभाषा लागेल, हिला लागत नव्हता. तिने तो फलक उतरवून आणला तेव्हा अधिसूचनेतला भत्ता कोणत्या तारखेपासून लागू आहे हे आम्हाला एका दुपारीत कळलं. दोन राज्यांच्या तुलनेचा विषय घेतला असता तर हेच काम महिनाभर पुरलं असतं.

निबंधात काय आलं

काही घरांत पावसाळ्याच्या आठवड्यांत फरक वाढलेला दिसला, काहींत दिसला नाही. जिथे दिसला नाही तिथल्या बायकांना तिने आकडे दाखवले. एक जण म्हणाली, ‘पाऊस न्हाई गं बाई, पान कुटलं आलंय त्यावर असतंय.’ म्हणजे ऋतूपेक्षा पानाचा गठ्ठा महत्त्वाचा. त्यांच्या बोलण्यातून पुढचा एक दुवा हाती लागला. पान खराब आलं की छाट वाढते, आणि छाट टाळायची तर बाई पदरचे पैसे घालून बाजारातून बरं पान आणते. तो खर्च कार्डावर नसतोच, कॅलेंडरवरही नव्हता. तिने तो निबंधात एका परिच्छेदात नोंदवला आणि तिथेच थांबली. तिला त्यावर आणखी लिहायचं होतं. मी नको म्हटलं. आपल्या साधनात जे नाही त्यावर पाचव्या प्रकरणात उडी मारली की आधीच्या चार प्रकरणांवरचा विश्वास उडतो.

तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं, ‘एका गल्लीवरून तुम्ही निपाणीतल्या विडी कामगारांबद्दल काय सांगणार?’

‘निपाणीबद्दल काही सांगत नाही, सर,’ ती म्हणाली. ‘घरातली नोंद आणि कार्ड शेजारी ठेवलं तर छाट मोजता येते, एवढंच सांगते. दुसऱ्या गल्लीत मोजली तर आकडा वेगळा येईल. पद्धत तीच राहील.’

परीक्षकांनी मग कट्ट्यांच्या उसनवारीबद्दल बरंच विचारलं, आणि त्याची उत्तरं देताना ती कागदाकडे बघत नव्हती.

बाजूला ठेवलेले दोन्ही विषय अजून मोकळे आहेत. पीएफचा विषय घ्यायचा असेल तर ज्यांचे दावे निकालात निघालेले आहेत अशाच बायका घ्याव्या, म्हणजे कचेरीच्या कागदासाठी अडून राहावं लागणार नाही. मंजुरीची पावती त्यांच्या घरात असते. दोन राज्यांच्या मजुरीचा विषय दोघांनी मिळून घ्यावा, एक निपाणीचा आणि एक सीमेपलीकडच्या, महाराष्ट्रातल्या कागल तालुक्यातला, आणि सुरुवात एकाच वर्षाच्या एकाच महिन्यापासून करावी. पदरच्या पानाच्या खर्चाला मात्र अजून कागद सापडलेला नाही. पानवाल्या दुकानदाराच्या उधारीच्या वहीत तो असण्याची शक्यता आहे, असं ती परवा म्हणत होती.